तिखटावरचा उतारा

सोमवार, ४ मार्च

आज साहेबांनी मला जड म्हटलं. तेही सकाळच्या हजेरीला, अग्निशमन केंद्राच्या अंगणात, सगळ्यांसमोर. थेट नाही म्हटलं. नव्या शिडीचे कागद वाचून दाखवले आणि 'टोकावर जाणाऱ्याचं वजन नव्वद किलोच्या आत हवं' या वाक्याला थांबून माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं. बंबाच्या ड्रायव्हरने तर काच खाली करून बघितलं.

माझं वजन चौऱ्याण्णव आहे. आणि या केंद्रात शिडीच्या टोकावर माझ्याशिवाय कोणी जात नाही. म्हणून तर सगळे मला 'शेंडा' म्हणतात. माझं खरं नाव कोणी घेतलं तर कोणाला हाक मारली ते मीच वळून बघतो.

एप्रिलच्या मध्यावर डॉक्टर येऊन सगळ्यांची वजनं करणार. टोकावरचा माणूस नव्वदच्या वर निघाला तर त्याची रवानगी फोनच्या खोलीत. ती खोली म्हणजे एक टेबल, दोन फोन आणि भिंतीवर घड्याळ. खिडकीसुद्धा नाही. तिथले काका निवृत्त होतायत, जागा रिकामीच आहे. आणि माझ्या जागी वर जाणार काडी, म्हणजे आमच्यातला सगळ्यात बारीक गडी. आग विझवणाऱ्यांत काडी, हा विनोद माझाच. आज मला त्याचं अजिबात हसू आलं नाही.

घरी येऊन जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण मन लागलं नाही.

मंगळवार, ५ मार्च

घरात सांगितलं. घरात म्हणजे हिला आणि सासूबाईंना. मुलगी लग्न होऊन लांब गेली, आता आम्ही तिघंच. ही भाजी चिरत होती. सुरी थांबली.

"म्हणजे तुम्ही आता वर नाही जाणार?"

"नाही जाणार म्हणजे? चार किलोचा तर प्रश्न आहे. उतरवतो की."

सुरी पुन्हा सुरू झाली. हिला शिडीत फार रस. मी कामावरून आलो की चहाच्या आधी विचारते, "आज वर कोण होतं?" मी म्हणतो, "मीच, दुसरं कोण?" मग गप्प होते. नवऱ्याचा अभिमान बोलून दाखवायचा तिचा स्वभाव नाही.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, चार किलो तर तुमच्या मिशांतच असतील." मी लक्ष दिलं नाही. मिशा कापायची वेळ आली तर बघू.

शुक्रवार, ८ मार्च

उपाय सापडला. नळ्याने सांगितला. नळ्या पाण्याची नळी धरतो म्हणून नळ्या, आणि रिकामा असला की मोबाइलवर आरोग्य वाचतो. म्हणाला, "दादा, मिरची खा. तिखटानं मेटाबॉलिझम वाढतं." ते काय असतं म्हणून विचारलं, तर म्हणाला, पोटात एक भट्टी असते, खाल्लेलं जाळणारी. ती मंद पडली की माणूस सुटतो. तिखट टाकलं की ती भडकते आणि अंगावरची चरबी खायला लागते.

मला लगेच पटलं. आगीतलं मला कळतं. इतकी वर्षं आगी विझवल्या, एक लावता येणार नाही?

तरी खात्री करावी म्हणून वजनं करणाऱ्या त्या डॉक्टरांना त्यांच्या दवाखान्यात गाठलं. ते जिना उतरत होते, कानाला फोन. मी विचारलं, "डॉक्टर, वजनासाठी रोज मिरच्या खाल्ल्या तर?" त्यांनी फोनवर हात ठेवला, म्हणाले, "मिरच्या खाऊन काही होत नाही हो," आणि गेले.

काही होत नाही. म्हणजे परवानगी मिळाली. उद्यापासून सुरुवात.

शनिवार, ९ मार्च

हिला आधी वाटलं मी थट्टा करतोय. मग डॉक्टरांचं वाक्य सांगितलं. ती जरा वेळ विचारात पडली आणि एकदम म्हणाली, "डॉक्टरच म्हणतायत तर खा की. पण तिखटावर उतारा हवा. नाहीतर आतडी सोलून निघतील."

मला वाटलं होतं, वाद घालेल. माझ्या कुठल्याही बेताला ही इतक्या झटकन हो म्हणाल्याचं मला आठवत नाही. संसारात अशी साथ मिळायला नशीब लागतं.

तर असं ठरलं: जेवताना घासागणिक हिरवी मिरची. मिरचीवर उतारा म्हणून लोणी थापलेला पाव. जेवण झालं की साईचं दही, त्यात साखर. मध्येच फार झोंबलं तर दुधाचा पेला तयार ठेवलेला असेल, तोही गोड.

पहिल्या मिरचीला डोळ्यांत पाणी आलं. दुसरीला नाकात. तिसरीला मी खुर्चीवरून उठून खोलीभर फिरलो. ही मागे दूध घेऊन फिरली. सासूबाईंनी विचारलं, "हे कशासाठी म्हणालात?"

"मेटाबॉलिझम," मी म्हणालो, म्हणजे जीभ चालेल तितकं म्हणालो.

"मेटाकुटीला आलात ते दिसतंयच," सासूबाई म्हणाल्या.

पण शर्ट घामानं चिंब झाला होता, तो मी मोरीत पिळला. ती चरबीच. वितळल्याशिवाय इतकं पाणी येईल कुठून?

मंगळवार, १२ मार्च

केंद्रातल्या काट्यावर चढायला मला नको वाटतं. तिथे काडी बघत उभा असतो. ही म्हणाली, "कशाला त्यांना हसू द्यायचं? मी आणते काटा." शेजारणीकडचा जुना वजनकाटा घेऊन आली. अडचण अशी की चढल्यावर मला आकडा दिसत नाही. मध्ये पोट येतं. वाकलं तर काटा हलतो आणि खरं वजन कळत नाही. म्हणून मी सरळ समोर बघत उभा राहतो आणि ही गुडघ्यावर बसून आकडा वाचते. हिचे डोळे चांगले आहेत.

आज ब्याण्णव. दोन किलो गेलेसुद्धा.

"नीट बघितलंस ना?" मी विचारलं.

"देवाशप्पथ," असं ती म्हणाली नाही, म्हणाली, "चला, जेवायला बसा."

आनंदाच्या भरात जेवताना मी गेल्या थंडीतला किस्सा पुन्हा सांगितला. कापडाच्या दुकानाच्या आगीत पायरीवरून पाय सटकला आणि मी एका हातावर लोंबकळलो, तरी दुसऱ्या हातातली नळी सोडली नाही. केंद्रात हा किस्सा सांगितला की लोक पोट धरून हसतात. ही मध्येच उठली, दूध उतू जाईल म्हणाली. गॅसवर दूध नव्हतं. परत येऊन म्हणाली, "आता दुसऱ्या कोणाला तरी जाऊ दे की वर." मी म्हटलं, "शिडीतलं तुला काय कळतं?" तिनं माझ्या पानात आणखी लोणी वाढलं. चांगलं जेवू घालण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

रविवार, १७ मार्च

भट्टी जोरात आहे याचा पुरावा म्हणजे भूक. पूर्वी सकाळी दोन पाव पुरायचे, आता चार खाल्ले तरी अकराला पोट ओरडतं. नळ्या म्हणाला, "दादा, भट्टी पेटली की इंधन मागणारच."

दुसरा पुरावा इथे लिहू नये, पण डायरी कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. सकाळी आग कुठे लागते ते मला विचारू नये. आग विझवणाऱ्याच्या घरीच आग, आणि शिडी लावून उपयोग नाही. परवा भोंगा वाजला तेव्हा मी नेमका आतच होतो. बंब माझ्यासाठी फाटकात थांबला आणि काडी दारावर टकटक करत म्हणाला, "शेंडेदादा, बाहेरचीसुद्धा विझवायचीय." ओठावर मिसरूड फुटली की माणसं फार बोलतात.

वजन एक्क्याण्णव. सासूबाई तिथेच बसल्या होत्या. म्हणाल्या, "काटा उतरतोय आणि पँट वर सरकत नाही, हे कसं?"

"आई, तू तुझं दही खा," ही म्हणाली.

"खाल्लं असतं. तुझ्या नवऱ्यानं काही ठेवलंय का?"

शुक्रवार, २२ मार्च

पँटचा खुलासा झाला. मी नळ्याला विचारलं तर त्याला तोंडपाठ होतं. "भात शिजताना आधी फुगतो की नाही? चरबी जळायच्या आधी फुगते. मग बसते." शिवाय साबणही बदललाय, त्यानं कापड आटतं. पट्ट्याला मी खिळ्यानं एक भोक वाढवलं. पुढच्या महिन्यात उलट्या बाजूला भोकं पाडावी लागतील.

आता हिरव्या मिरचीचं काही वाटत नाही, म्हणून सुक्या लाल मिरचीची पूड पाण्यात कालवून सकाळी अनशापोटी घेतो. पहिल्या दिवशी जो आवाज काढला त्यानं शेजारीण काटा परत मागायला आलीय असं भासवून बघून गेली. हिनं तिला दारातच चहा दिला आणि बराच वेळ कुजबुजली. शेजारीण जाताना माझ्याकडे असं बघत गेली की मला जरा कौतुक वाटलं.

मंगळवार, २६ मार्च

आज मोठी आग. रंगाच्या गोदामाची, तिसऱ्या मजल्यावर दोन माणसं. मी वर गेलो. जायच्या आधी जेवणातली मिरची हाताला होती आणि त्याच हातानं डोळा चोळला. अर्ध्या शिडीवर डावा डोळा बंद झाला. धुरात तसंही दिसत नाही म्हणून कोणाला कळलं नाही. एका डोळ्यानं दोघांना बाहेर काढलं. दुसऱ्याच्या वेळी शिडीचं टोक जरा जास्त वाकलं. जरा कसलं, चांगलंच वाकलं. खाली साहेबांचा आवाज आला, "उतर, उतर आधी." मला भीती वाटली हे इथे कबूल करतो, इतर कुठे करणार नाही.

घरी आलो तेव्हा ही दारातच उभी होती. गोदामाचा धूर इथपर्यंत दिसला म्हणे. "आज वर कोण होतं?"

"मीच की," मी म्हणालो आणि डोळ्याचा किस्सा सांगितला. वाटलं हसेल. ती आत गेली आणि भांड्यांचा आवाज यायला लागला. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लेक माझी हुशार आहे हो. फक्त तिला घाई करायला हवी."

कसली घाई ते काही सांगितलं नाही. आज उताऱ्याला लोणी दुप्पट होतं.

बुधवार, ३ एप्रिल

साहेब सुरक्षेवर भाषण करत होते आणि मला उचकी लागली. सकाळच्या पुडीची. साहेब 'सावधगिरी' म्हणाले की हिक्, 'जबाबदारी' म्हणाले की हिक्. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही सगळ्याशी सहमत आहात असं धरतो, बसा खाली." मी बसलो तर शर्टाचं मधलं बटण सुटलं आणि त्यांच्या टेबलावर जाऊन पडलं. त्यांनी ते उचलून खिशात ठेवलं. का ठेवलं कळलं नाही.

काडी शिडीवर सराव करतोय. माझ्या शिडीवर. मी त्याला सांगितलं, "हौस फेडून घे. महिन्याच्या मध्यापर्यंतच." तो म्हणाला, "दादा, तुम्ही पास व्हावं असंच मला वाटतं. मला उंचीची भीती वाटते." नाटकी आहे लेकाचा.

शुक्रवार, १२ एप्रिल

एकोणनव्वद.

हिनं आकडा वाचला तेव्हा माझा विश्वास बसेना. "पुन्हा बघ," म्हटलं. तिनं पुन्हा बघितलं. खाली वाकलेलीच होती, चेहरा दिसला नाही. "एकोणनव्वदच," म्हणाली, आवाज जरा बसला होता. मी काट्यावरून उतरून तिला उठवलं, आणि सासूबाईंसमोर पाठीवर थाप मारली. म्हटलं, "ही शिडी मी नाही, तू वाचवलीस." ती म्हणाली, "असं नका बोलू." विनय म्हणतात तो हा.

सोमवारी वजन आहे. केंद्रात सगळ्यांना आकडा आधीच सांगून ठेवला. नळ्यानं तर माझी हकीकत मोबाइलवर लिहून टाकायची परवानगी मागितली. दिली.

सोमवार, १५ एप्रिल

लिहायचं नव्हतं. पण चांगलं लिहिलं तर वाईटही लिहायला हवं.

अंगणात मोठा काटा ठेवला होता. मी सगळ्यात पुढे उभा राहिलो. आकडा समोरच्या खांबावर दिसतो, पोट आड येत नाही. चढलो. अठ्ठ्याण्णव.

मी म्हटलं, काटा बिघडलाय. साहेबांनी काडीला चढवलं, एकसष्ट. नळ्याला चढवलं, त्याचं त्याला माहीत होतं तेवढंच. मग साहेब स्वतः चढले. ते म्हणाले, "काटा ठीक आहे." पुन्हा मला चढवलं. तेव्हा मी श्वास धरला होता, तरी अठ्ठ्याण्णव.

डॉक्टरांनी विचारलं, "चौऱ्याण्णवचे अठ्ठ्याण्णव कसे केलेत?"

"तुमच्याच सांगण्यावरून," मी म्हणालो. मला राग आला होता. "मिरच्यांचं तुम्हीच म्हणालात ना, खाऊन काही होत नाही?"

"तेच तर म्हणालो. काही होत नाही. वजन-बिजन काही उतरत नाही."

"मला वाटलं, काही होत नाही म्हणजे बिनधास्त खा."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं, आणि ते मला समजलं हे जास्त वाईट. तिखट खाल्लं की अंगाची भट्टी जरा भडकते, खोटं नाही. पण ती घटकाभर, आणि त्यात जळतं ते फार तर पावाच्या चार घासांएवढं. "आणि मिरचीबरोबर काय खात होतात?" त्यांनी विचारलं. मी सांगत गेलो. लोण्यापाशी नळ्यानं मान खाली घातली. साईच्या दह्यापाशी साहेब हसायला लागले आणि मग सगळं अंगण हसलं. बंबाचा ड्रायव्हर म्हणाला, "आता शेंडा नाही, बुडखा म्हणा."

काडी हसला नाही. तो शिडीकडे बघत होता.

पुढच्या सोमवारपासून फोनची खोली. खरं सांगायचं तर मला रडू आलं. बंबाच्या मागे जाऊन रडलो, तोंड धुतलं आणि घरी आलो.

मंगळवार, १६ एप्रिल

काल घरी काही बोललो नाही. आज सकाळी दाढीचा आरसा घेतला, काट्यावर चढलो आणि आरसा खाली धरून आकडा बघितला. एकोणनव्वद. जीव भांड्यात पडला. म्हटलं, बघा, सरकारी काटा तो सरकारीच. निघालोच होतो साहेबांकडे. शर्टाची बटणं लावताना लक्षात आलं की आरशात उलटं दिसतं. ८९ म्हणजे ९८.

हिला हाक मारली. ती आली, तिनं आरसा बघितला, काटा बघितला. एक शब्द विचारायच्या आत म्हणाली, "हो. मी खोटं वाचत होते. पहिल्या दिवसापासून."

"आणि लोणी?"

"तेही मुद्दाम."

मी म्हटलं, "माझी सगळ्या केंद्रात शोभा झाली. माझं नावसुद्धा गेलं."

"जाऊ दे नाव. माणूस आहे ना." ती मागे हटली नाही. "तुम्ही वर गेलात की मी काय करते, विचारलंत कधी? भांडी घासते. घासलेली पुन्हा घासते. तुमचा पाय सटकला तो किस्सा तुम्ही मला हसत हसत सांगता, वर मलाच हसायला सांगता. मला तुम्ही खाली हवे होतात. जिवंत आणि जाड."

"मग सरळ सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, शिडीतलं तुला काय कळतं."

असं मी म्हणालो होतो का? मागची पानं उलटून बघितली. म्हणालो होतो.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मी आधीच सांगणार होते, पण दही चांगलं लागत होतं."  मला लबाडी सहन होत नाही, मग ती मायेची का असेना. आजपासून अबोला. जेवण केंद्रातल्या खानावळीत.

शुक्रवार, १९ एप्रिल

अबोला चालू. ही ताट वाढून झाकून ठेवते, मी बघत नाही. खानावळीतलं जेवण बेचव आहे. मिरची मागितली तर सगळे हसतात.

आज पिठाच्या गिरणीला आग लागली. मी अजून बंबावर होतो, पण खाली. काडी पहिल्यांदा टोकावर गेला. त्याचे पाय लटपटत होते, ते मला खालून दिसत होते. मी ओरडून सांगत होतो, डावा हात धर, खाली बघू नकोस, पायरी चाचपून बघ. त्याला ऐकू जात नव्हतं. धुरात तो दिसेनासा झाला तेव्हा माझ्या हातांना घाम सुटला. मिरची न खाता. मान वर करून उभं राहण्याशिवाय मला काही करता येत नव्हतं. तो खाली आला तेव्हा मी त्याला मिठी मारली आणि मग एक शिवी दिली.

इतकी वर्षं मी वरच होतो. खाली उभं राहणं किती वाईट असतं ते मला माहीतच नव्हतं. वर असताना भीती वाटायला वेळ नसतो. खाली दुसरं कामच नसतं.

घरी आलो. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. घासलेली कढई पुन्हा घासत होती. मला बोलायचं होतं. पण अबोला मी धरलेला, तो आपण होऊन कसा सोडायचा ते मला येत नाही. आमच्या घरात रुसायचं खातं नेहमी तिच्याकडे असतं. मी पाणी प्यालो आणि झोपलो.

सोमवार, २२ एप्रिल

फोनच्या खोलीतला पहिला दिवस. जुन्या काकांनी जाताना सगळं समजावलं. आधी पत्ता विचारायचा, मग काय पेटलंय, मग आत कोण अडकलंय. आणि मुख्य म्हणजे, मदत पोचेपर्यंत आपण फोन ठेवायचा नाही. समोरचा माणूस घाबरलेला असतो, त्याच्याशी बोलत राहायचं. मला वाटलं होतं झोपा काढायचं काम आहे. सकाळी एका बाईंच्या स्वयंपाकघरात पडदा पेटला, त्यांना मी बंब पोचेपर्यंत धरून ठेवलं, नुसतं बोलून. फोन ठेवला तेव्हा माझाच घसा सुकला होता. नळ्या दारात येऊन म्हणाला, "जमतंय की दादा." मी म्हटलं, "तू बोलू नकोस. तुझ्या बोलण्यानंच मी इथे आलोय."

जेवायच्या वेळेला पुन्हा फोन वाजला.

"अग्निशमन केंद्र. पत्ता सांगा," मी म्हणालो.

पलीकडच्या बाईनं पत्ता सांगितला. मी निम्मा लिहिला आणि पेन थांबलं. पत्ता माझ्याच घराचा होता. 

"काय पेटलंय?"

"नवरा," ती म्हणाली. "मंगळवारपासून धुमसतोय. ज्वाळा नाहीत, नुसता धूर. घरी तोंड उघडत नाही, म्हणून या नंबराला केला. इथे त्याला बोलावंच लागतं."

फोन ठेवायला हवा होता, तातडीची लाइन आहे ती. पण दुसरा फोन मोकळा होता, आणि मला ठेववत नव्हता. काकांनी सांगितलं तेच पुढचं विचारलं.

"आत कोणी अडकलंय का?"

"दोघं."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "तिघं म्हण. मीपण आहे."

"घाबरू नका," मी म्हणालो. हे मी सकाळपासून फोनवर म्हणतच होतो. "मदत येतेय. फक्त बंब फार जड झालाय, बाई. पोचायला जरा वेळ लागेल."

ती हसली की रडली ते फोनवर कळलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला.

"लागू दे," ती म्हणाली. "पण शिडी आणू नका. आम्ही तळमजल्यावरच राहतो."